पापड-लोणच्यात गेलेली नॅनो-सिलिका

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
नवसंशोधन उद्योग साहाय्य कक्ष, गोंदिया

विषय : नॅनो-सिलिकाची फाईल पापड-लोणचे योजनेतून मूळ योजनेत परत घेणेबाबत.

संदर्भ : आपल्या समितीचा स्थळपाहणी अहवाल, दि. १७ सप्टेंबर २०१२

महोदय,

आत्ताच मांडणीवरची ताटली घसरून खणकन वाजली. तरी माझी चार वर्षांची मुलगी मैत्री उठली नाही. तिच्या झोपेतला उरलेला वेळ आपल्या कक्षास अर्पण करून सविनय लिहिते की,

१. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. असून राईस मिलच्या भट्टीत जळालेल्या तुसाच्या राखेपासून सिलिकाची पूड तयार करते. तिचे कण केसाच्या जाडीच्या जवळपास हजाराव्या भागाएवढे बारीक आहेत. ही पूड रबरात मिसळल्यास चपलेचा तळ लवकर झिजत नाही. नागपूरचा एक चप्पल कारखाना ती घेण्यास तयार आहे. अट एकच, आपल्या कक्षाचे प्रमाणपत्र.

२. त्यासाठी समितीचे तीन सदस्य सौंदडला आले. केवळरामभाऊंच्या मिलमागे माझे टिनाचे शेड आहे, तिथे त्यांनी चष्मे पुसून पाहणी केली. "पावडर दिसते, पण नॅनो कुठे आहे?" अशी विचारणा झाली. मी कणांची सूक्ष्मदर्शकातून काढलेली छायाचित्रे दाखवली. अहवालातील शेरा : "छायाचित्रात अर्जदार दिसत नाही." पुढे : "नॅनो कण प्रत्यक्ष आढळले नाहीत. एक लहान मूल आढळले." मूल आढळले त्या अर्थी गृहोद्योग, आणि गृहोद्योग त्या अर्थी पापड-लोणचे, असे ठरून फाईल त्या टेबलावर गेली. मैत्रीला त्या दिवशी ताप होता, म्हणून ती माझ्या कडेवर होती. आई असल्याचे लपवावे, अशी अट योजनेत मला कुठे सापडली नाही.

३. पापड-लोणचे टेबलाने आता पत्र पाठवून पदार्थाची चव कशी आहे व तो वर्षभर टिकतो का, हे विचारले आहे. चव घेतलेली नाही. टिकण्याचे म्हणाल तर तो आपल्या फाईलपेक्षा जास्त टिकेल.

४. नमुना मी मैत्रीच्या दूध पावडरच्या धुतलेल्या डब्यात दिला होता. तो प्रयोगशाळेत गेला का, हे विचारायला मी कक्षात आले तेव्हा आपले शिपाई गोवर्धनभाऊ आनंदाने म्हणाले, "मॅडम, तुमची राख त एक नंबर हाय जी! साहेबाच्या कपाचे सारे डाग निंगले. आखीन आना ना थोडी." आमच्याकडे राखेने भांडी घासतातच, त्यामुळे त्यांना बोल लावत नाही. डब्यावर "तपासणीसाठी" असे लिहिलेले होते, एवढेच. जो पदार्थ आढळलाच नाही त्याने आपले कप उजळले, ही नोंद तरी अहवालात घ्यावी.

५. दिवाळीनंतर नवे धान मिलवर येईल. केवळरामभाऊ म्हणतात, "बाई, मी थांबतो जी, पन राख काऊन थांबन? विटाभट्टीवाले रोज ट्रॅक्टर घेऊन येऊन राहिले." तोवर प्रमाणपत्र न मिळाल्यास राख विटांत जाईल, शेडमध्ये बैल बांधतील. पोरीच्या झोपेतून चोरून-चोरून जे काम उभे केले, ते तिथेच संपेल.

तरी फाईल मूळ योजनेत परत घ्यावी व नमुना चहाच्या टेबलाऐवजी प्रयोगशाळेत पाठवावा. छायाचित्रे पुन्हा जोडली आहेत. प्रत्येकावर अर्जदाराचा पासपोर्ट फोटो चिकटवला आहे. नव्या नमुन्याच्या डब्यावर "कप घासू नयेत" असे ठळक लिहिले आहे.

मैत्री उठली. मांडीवर येऊन बसली आणि काय लिहितेस म्हणून विचारले. साहेबांना माझी पूड दिसली नाही, तेच लिहिते, असे मी सांगितले. ती म्हणाली,

"आई, साहेबांले काहीच नाही दिसलं, त तू तठी रोज काय करून रायते वं?"

आपली नम्र,
स्नेहल राजदीप टेंभुर्णे
सौंदड, ता. सडक अर्जुनी, जि. गोंदिया
दि. ९ ऑक्टोबर २०१२