पेशींचे थांबे

५ ऑक्टोबर २००४

पुण्यात वृषालीचा दुसरा डोस झाला. येताना आळेफाट्यापर्यंत ती खिडकीला डोकं टेकून होती. "तुम्ही बोलत राहा, म्हणजे मळमळ कळत नाही," म्हणाली. काय बोलणार? बागेचंच बोललो.

आज डॉक्टरीणबाईंना विचारलंच – बायकोच्या मानेत ही गाठ आली कुठून? लागलं नाही, खुपलं नाही. त्यांनी बसवून सांगितलं. अंगातल्या पेशी सारख्या एकीच्या दोन होत असतात. त्यावरच जखम भरते, पोर वाढतं. पण दोन होण्याआधी वाटेत थांबे असतात. थांबायचं, आतलं सगळं नीट आहे का बघायचं, मग पुढं. बिघाड असेल तर दुरुस्त करायचा, नाहीतर तिथंच मरायचं. वृषालीच्या काही पेशी थांब्यावर थांबेनाशा झाल्यात. त्यांचीच ही गाठ.

"म्हणजे बिनथांब्याची एसटी," मी म्हणालो. बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

७ ऑक्टोबर

द्राक्षाची छाटणी उरकली. काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावायला बाया आल्या. पेस्ट लागली की डोळा जागा होतो, सगळी बाग एकसारखी फुटते. मी इथं वाढ सुरू करायला औषध लावतोय, आणि तिकडं माझ्याच बायकोला वाढ थांबवायला औषध चढवतायत. दिवसभर हेच डोक्यात. एका ओळीला दोनदा पेस्ट लावायला सांगितली. लंकाबाई म्हणाली, "भाऊ, ध्यान कुटंय तुमचं?"

१२ ऑक्टोबर

वृषालीचे केस उशीवर. आई बघत राहिली. "गाठ मानंत, मंग क्यास का जात्यात?"

मी सांगितलं – औषध दोन होऊ घातलेल्या पेशीला मधेच पकडतं. त्याला चांगली-वाईट कळत नाही. केस, तोंडाची कातडी, रक्त, जे जे भराभर वाढतं ते सगळं त्यात सापडतं. मग तीन आठवडे थांबायचं, चांगल्या पेशी परत भरून आल्या की पुढचा डोस. आणि यातलं एक औषध मुळात सदाफुलीतून निघालंय, हेही सांगितलं.

"आपल्या दारातली?"

"तीच."

आई उठून दाराशी गेली. मला समजावून सांगितल्याचं बरं वाटलं.

२६ ऑक्टोबर

डोस दिलाच नाही! रक्तातल्या पांढऱ्या पेशी भरून आल्याच नाहीत. "या रक्तावर औषध दिलं तर साधा तापसुद्धा झेपायचा नाही यांना. आठवड्यानं या," बाई म्हणाल्या. मग गाठीचं काय? ती थोडीच आठवडाभर थांबणार आहे? थांबत नाही हाच तर तिचा दोष.

बाईंनी विचारलं, गावठी काही देता का? छातीठोकपणे नाही म्हणालो.

२८ ऑक्टोबर

गाठ मोठी वाटली. सारखा हात लावून बघतोय. वृषाली वैतागली – "द्राक्षमणी आहे का तो, फुगला का बघायला?"

३० ऑक्टोबर

बाग छान फुटली. बघवत नाही.

आई हल्ली भाकरी दुधात कुस्करून खाते. दात हलतात म्हणे. वृषालीचं सगळं मात्र तीच बघते. जे द्यायचं ते आधी स्वतः चाखणार – पेज, सरबत, उकळलेलं पाणीसुद्धा. मी लहान असताना माझ्या तापाचं औषधही आधी तीच जिभेला लावायची. खोड जात नाही.

२ नोव्हेंबर

पुन्हा परत पाठवलं. पेशी आणखी खाली. बाईंनाही उमजेना.

४ नोव्हेंबर



सकाळी दारातली सदाफुली दिसली. नुसत्या काड्या! शेळी शिरली म्हणून बघायला गेलो, तर आई चुलीपाशी पानं उकळत होती. शेजारी वृषालीचा पेला.

"त्वाच म्हणला ना, औषाद सदाफुलीचंय? डाक्तर तीन आठवड्यांनी देत्यात. मी म्हणलं रोज दिल्यावर लवकर ग्वाड वाटंल."

वृषाली म्हणाली, "आईंना बोलू नका. कडू होतं, पण मीच पीत होते. मलाही लवकर बरं व्हायचं होतं."

मी बोललो. नको ते बोललो. "मारायला निघालीस तिला," असंही बोललो. पातेलं अंगणात फेकलं, झाडं मुळासकट उपटली. बाईंना फोन केला. पेशी त्यानंच घटल्या असं खात्रीनं सांगता येणार नाही, पण आजपासून बंद, म्हणाल्या.

६ नोव्हेंबर

आईशी बोललो नाही. तीही जेवायला येत नाही.

९ नोव्हेंबर

पेशी वर आल्या! डोस दिला. बाईंनी मान तपासली, गाठ पहिल्यापेक्षा लहान आहे म्हणाल्या. ती वाढली नव्हतीच, मलाच वाटत होतं. वृषाली म्हणाली, "घरी गेल्यावर आईंना तुम्हीच सांगा." मी म्हटलं, तूच सांग.

११ नोव्हेंबर

आई पहाटेपासून तापानं फणफणलीय. नारायणगावच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं. आतून सगळं सोललेलं. दात एकही हलत नव्हता. रक्त तपासलं – पांढऱ्या पेशी वृषालीच्या सगळ्यात वाईट दिवसापेक्षाही खाली. उतारवयात त्या लवकर भरून येत नाहीत, डॉक्टर म्हणाले.

"रोज पयला पुरा प्याला मीच घ्यायचे रं," आई म्हणाली. "तिला काय व्हायला नगं म्हणून."

पुण्याला निघतोय. वृषाली केव्हाच गाडीत जाऊन बसलीय, आईचं डोकं मांडीवर घेऊन.