दाराजवळची बॅटरी

बंड्या,

तुझ्या स्कूटरची बॅटरी मी दाराजवळून उचलून गच्चीवर सावलीत नेऊन ठेवली आहे. सकाळी ती एका बाजूने फुगलेली दिसली. पुन्हा चार्जिंगला लावू नकोस. आजची डिलिव्हरी बुडेल, तू चिडशील, ठाऊक आहे. पण आपल्याला बाहेर पडायला एवढं एकच दार आहे, आणि आईला धावता येत नाही.

काल आमच्या वॉर्डात असंच दाराशी चार्जिंग लावून झोपलेलं अख्खं घर भाजून आलं. सोळा तास त्यांचंच ड्रेसिंग केलं, आता पुन्हा तिकडेच निघाले. आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

सेकंडहँड चालेल म्हणत ती बॅटरी मीच तुझ्या गळ्यात मारली होती. चुकलं माझं. भांडायचं तर संध्याकाळी भांडू, मी जागी असले तर.

ताई