लीलाचं लॉकेट

३ एप्रिल
पुन्हा बुडबुडे! या गरमीत हार्डनर टाकल्या टाकल्या रेझिन घट्ट व्हायला लागतं, नीट ढवळूही देत नाही. त्यातून ओतलेले झुमक्यांचे सगळे नग फेकले. वहिनी म्हणाली, "ताई, आज वरणातसुद्धा चमकी निघाली." हसूनच म्हणाली, पण म्हणाली. फारकत घेऊन माहेरी आलेल्या नणंदेने किती जागा अडवायची? टेबल आणखी भिंतीला सरकवलं.

४ एप्रिल
थकले. बस.

७ एप्रिल
खकनारची एक मुलगी आली. लीला. मे महिन्यात लग्न आहे. लॉकेट हवंय – आत निळी चमकी आणि दोन अक्षरं, ल आणि द. गोड आहे मुलगी. माझी वाकडी करंगळी पाहून म्हणाली, "दीदी, हे कसं झालं?"
"जिन्यावरून पडले." सगळ्यांना हेच सांगते.
मग मीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, नवरा मुलगा कसा आहे? तिने मोबाइलमधला फोटो पुढे धरला.
दिगंबर!
माझ्या तोंडून निघालं, "छान आहे." हात धुवायच्या निमित्ताने मोरीत गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले.

८ एप्रिल
श्रीकांतदादाला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "हे बघ, मध्यस्थी करणाऱ्या वामनकाकांसमोर शब्द दिलाय आपण. दिगंबरने खळखळ न करता फारकत दिली, त्या बदल्यात आपण कुठे तोंड उघडायचं नाही. लॉकेट दे आणि मोकळी हो."
आई उठून पाणी आणायला गेली. तिला माहीत आहे बोट कसं मोडलं. पाहुण्यांसमोर दिगंबर म्हणाला, मंगळवारी दापोऱ्याला गेलो होतो. मी म्हटलं, बुधवारी. एवढंच! पाहुणे गेल्यावर त्याने माझा हात हातात घेतला आणि करंगळी मागे वाकवली. ओरडला नाही, काही नाही. मग स्वतःच स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरला म्हणाला, जिन्यावरून पडली. मीही मान हलवली.

११ एप्रिल
लॉकेट ओतलं. चमकी तळाशी बसू नये म्हणून रेझिन जरा आळेपर्यंत थांबावं लागतं. थांबले. द वाकडा बसला. काढून पुन्हा लावला. वासाने डोकं दुखतंय. आमच्या सिंधीपुऱ्यात आज दिवसभर लाइट नव्हती, पंखाही नाही.

१३ एप्रिल
लीला येऊन गेली. "निळा नको दीदी, गुलाबी करून द्या ना." म्हणजे सगळं पहिल्यापासून! हो म्हटलं. नाही म्हणायलासुद्धा जोर लागतो.

१७ एप्रिल
गुलाबी झालं. आता म्हणते, कडा अजून घासा. बसून राहते. आई चहा देते, ती कप हातात धरून ठेवते, चहा गार होतो. दिगंबरचं नाव तीही काढत नाही, मीही नाही. घासून घासून खांदा भरून आला. ही पोरगी लॉकेट घेऊन एकदाची जाईल तर बरं – आणि गेली, तर?

२० एप्रिल
सांगून टाकलं. वहिनी बाजारात गेली होती, आईचा डोळा लागला होता. लॉकेट तिच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, "मी जिन्यावरून पडले नव्हते. मी दिगंबरची पहिली बायको."
मग थांबताच येईना. बोट, दवाखाना, त्याचे ते न बोलण्याचे आठवडे – सगळं. "लीला, अजून वेळ आहे. हे लग्न मोड. तुझ्या आईवडिलांसमोर येऊन सांगते मी."
ती रडली नाही, चिडलीही नाही. मान खाली घालून ऐकत राहिली. मग लॉकेट टेबलावर ठेवून निघून गेली.
दादाला कळलं तर! कळू दे.

२१ एप्रिल
काही केलं नाही. पडून राहिले. आईने न विचारता डोक्याला तेल लावलं.

२२ एप्रिल
लीला आली. आत आल्या आल्या कडी लावली.
"दीदी, तुम्ही कोण ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लॉकेटच्या निमित्ताने येत राहिले, पण बोलायची हिंमतच होत नव्हती. आमचं कोर्टात लग्न जानेवारीतच झालंय, माझ्या घरी कुणालाच माहीत नाही. मोडायचं काय आता? तुम्ही त्याच्यापासून सुटलात कशा, तेवढं मला सांगा."