एका वायफायचे तीन कारभारी

४ मार्च, सोमवार
रविवारी सकाळी गावी अप्पांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याची पट्टी सुटणार. म्हणतात, आधी पोराचं तोंड बघणार. ताईला सांगून टाकलं, माझ्या लॅपटॉपवरून व्हिडिओ कॉल, एकदम क्लिअर. लॅपटॉप सेकंडहँड, विंडोजऐवजी लिनक्सवाला. वायफाय मधूनमधून जातं. किरकोळ आहे.

५ मार्च
वायफाय आपोआप जोडणारा प्रोग्रॅम त्यात आधीपासून आहे. पण आळशी. म्हणून तसलाच दुसरा टाकला. कामावर, लाँड्रीत, आम्ही चादरीची घडी दोघं मिळून करतो, झटपट होते. तेच इथे.

६ मार्च
जोडलं! गेलं. जोडलं. गेलं. दोघं जोरात कामाला लागलेत एवढं नक्की.

७ मार्च
रूममेट इलेक्ट्रिशियन. कुणी विचारलं नव्हतं. म्हणे, एक जोडतो, दुसरा ते तोडून स्वतः जोडायला धावतो, एकाला काढून टाक. मी चादरीचं सांगितलं. तर म्हणे, चादरवाले एकमेकांकडे बघून धरतात रे शहाण्या, ह्या दोघांची ओळख तरी आहे का? वायरी ओढणाऱ्याला वायरलेसमधलं काय कळणार!

८ मार्च
ताईचा फोन. अप्पा धास्तावलेत. एक डोळा आधीच गेलेला, हाही गेला तर? म्हटलं, सांग त्यांना, मी आहे ना. फोन ठेवला आणि लगेच लॅपटॉप उघडला. दोघांचं भांडण मिटवायला तिसरा प्रोग्रॅम टाकला.

९ मार्च
चाचणी. चहा संपेपर्यंत वायफाय टिकलं! (चहा अर्धा कप.) माझ्या मोबाईलचा कॅमेरा फुटलाय म्हणून रूममेट स्वतःचा देत होता. म्हणे, अप्पा बघणार ताईच्या मोबाईलवर, तुझा पडदा मोठा असून त्यांना काय? खवचट मेला. घरचा लॅपटॉप असताना उसना मोबाईल कशाला?

१० मार्च, रविवार
भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. कॉल लागला. पट्टी सुटली. ‘अप्पा’ म्हणायला तोंड उघडलं आणि वायफाय गेलं. तिकडे मी तसाच, आ वासून, गोठलेला. परत जोडायला गेलो, तर तिघंही जोडत होते.

मग ताईचा साधा फोन, रडवेली. अप्पा म्हणाले म्हणे, पोरगं हलत नाही गं, डोळा गेला वाटतं. हातपाय गार पडले त्यांचे. डॉक्टरांना धावत बोलावलं. त्यांनी टॉर्च मारून डोळा तपासला, मग ताईचा मोबाईल बघितला. म्हणाले, डोळा ठणठणीत आहे, बिघाड पोरात आहे.

अप्पा पोट धरून हसले म्हणे. मला कुठलं दिसायला.