खाचांची पट्टी

अण्णा, तुमची कात्री माझ्याकडे आहे. एक मूठ दोऱ्याने गुंडाळलेली, तीच. गेली तीन वर्षं ती शाळेच्या कपाटात होती, मुलांच्या हाताशी. काल शनिवारी मी ती घरी आणली. का आणली, ते सांगायला बसले आहे.

रिटायर झाल्यावर मी घरी बसले नाही. नाशिकला ज्या शाळेत विज्ञान शिकवलं, तिथेच दर शनिवारी आठवी-नववीच्या मुलांचा एक वर्ग घेते. परीक्षा नाही, मार्क नाहीत, म्हणून येतात ती मनापासून येतात. औषधाच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेलं नाव असतं आणि जवळच बारीक अक्षरात खरं औषध; ते बारीक अक्षर वाचायला मी शिकवते. मुदत बघायला शिकवते. डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न पाठ करून घेते: मला काय झालंय, हे औषध कशासाठी, किती दिवस घ्यायचं, आणि त्रास झाला तर काय करू. पहिल्या दिवशी सगळी हसतात. "मॅडम, डॉक्टर हाकलून देतील." मी म्हणते, "हाकललं तर दारात उभं राहून विचारा." एक जण दंड फुगवायची पावडर दप्तरातून घेऊन आला होता. मोबाइलवर कुणीतरी शर्ट काढून तिची जाहिरात करत होतं. डब्यावरचं बारीक अक्षर मी त्यालाच मोठ्याने वाचायला लावलं. अर्ध्यात थांबला आणि म्हणाला, "मॅडम, ही तर साखरच आहे."

रविवारी हीच मुलं जोडीजोडीने शाळेमागच्या वस्तीत जातात. ज्यांना वाचता येत नाही किंवा दिसत नाही, त्यांच्या गोळ्या वाचून दाखवतात. माझा नियम कडक आहे. वाचायचं आणि चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच सांगायचं. गोळी चालू करा, बंद करा, असं एक अक्षर बोलायचं नाही.

तुम्हाला हे पटलं नसतं. सिन्नरच्या त्या दवाखान्यात तुम्ही अठ्ठावीस वर्षं कंपाउंडर होतात. खिडकीतून कुणी विचारलं, "यात काय हाय?" की तुमचं उत्तर एकच: "औषध." लहानपणी शाळा सुटली की मी तिथे यायचे, खिडकीमागच्या स्टुलावर बसायचे आणि पट्ट्या कापायचे. आजच्या मुलांनी ती पट्टी पाहिलेली नाही. पातळ औषधाची बाटली भरली की तिच्या अंगावर उभी कागदी पट्टी चिकटवायची. पट्टीच्या कडेला सारख्या अंतरावर खाचा. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. कागद दोनदा दुमडून कात्री लावली की चार डोस, तिसऱ्यांदा दुमडला की आठ. वाचता न येणारा माणूसही बोट ठेवून घोट मोजू शकतो. दहा वर्षांची असताना मला हे काम जगातलं सगळ्यात महत्त्वाचं काम वाटायचं. ते तुम्ही मला दिलं होतं, याचा तोरा वेगळाच.

तीच पट्टी मी मुलांना शिकवली. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना पाकिटं ओळखू येत नाहीत, सकाळची कुठली आणि संध्याकाळची कुठली याचा गोंधळ होतो. म्हणून प्रत्येक पाकिटाला पट्टी: एक खाच म्हणजे दिवसातून एकदा, दोन खाचा म्हणजे दोनदा. तुमची कात्री मी वर्गात आणली आणि सांगितलं, ही माझ्या वडिलांची. मुलांना ती फार आवडली. तुमचं कौतुक झालं, माझंही झालं. पट्टी मी शिकवली. पट्टीची गोष्ट मात्र सांगितली नाही.

वर्गात नववीतली एक मुलगी आहे. वडील शिलाईकाम करतात, चार भावंडांत ही मोठी. प्रश्न विचारण्यात अख्ख्या वर्गाला भारी. हिला दहावीनंतर पुढे शिकवायचं की नाही, यावर घरात आधीच दोन मतं होती. रविवारी वस्तीत पाठवायलाही ते तयार नव्हते. मी घरी गेले, त्यांच्या मशीनसमोरच्या खुर्चीवर बसले आणि शब्द दिला. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या भरोशावर पाठवतो." मी म्हटलं, "पाठवा."

मागच्या रविवारी ती एका आजींकडे गेली. आजी सत्तरीच्या पुढच्या, मुलगा रिक्षा चालवतो. रक्तातली साखर कमी करायची नवीन गोळी सुरू झालेली, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. मुलीने चिठ्ठी बघितली, पाकिटावरचं बारीक अक्षर त्याच्याशी जुळवलं, मुदत बघितली आणि दोन खाचांची पट्टी कापून चिकटवली. सगळं मी शिकवलं तसं. मंगळवारी आजी दारातच कोसळल्या. घामाने भिजलेल्या, साखर पार उतरलेली. हॉस्पिटलमध्ये सलाइन लागलं, दोन दिवस ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कशा घेत होतात? आजींनी पाकीट पुढे केलं. "पोरीनी पट्टी लावून दिली ना. दोन खाचा हायेत. सकाळी दोन, सांजच्याला दोन."

त्यांच्या तरुणपणी खाच म्हणजे डोस होता, अण्णा. तुमच्यासारख्याच कुणी कंपाउंडरने त्यांना ते शिकवलं असणार. त्या विसरल्या नव्हत्या.

गुरुवारी मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. एके काळी त्या माझ्या हाताखाली नवीन शिक्षिका म्हणून आल्या होत्या. आता टेबलाच्या पलीकडे त्या बसतात, अलीकडे मी. आजींचा मुलगा खाकी शर्टातच आलेला. मुलगी भिंतीला टेकून उभी आणि तिच्या शेजारी तिचे वडील, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. टेबलावर ते पाकीट.

"कोणी चिकटवलं हे?" रिक्षावाल्याने विचारलं. "मला फक्त नाव सांगा."

"मी," मुलगी म्हणाली. "पट्टी मी कापली."

"आणि अक्कल कोणाची?"

तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. मॅडमनी शिकवलं, असं म्हणाली नाही. मुख्याध्यापिकांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "माफीनामा लिही. माझ्या चुकीमुळे झालं, पुन्हा असं करणार नाही. खाली वडिलांची सही." मग माझ्याकडे न बघता: "बाई, हा रविवारचा प्रकार आता बंदच करू." मुलीचे वडील तिला हळूच म्हणाले, "लिख दे, बेटा. फिर घर चल. हो गया तेरा रविवार." तिने पेन घेतलं. त्या "घर चल"मध्ये केवळ रविवार नव्हता. दहावीनंतरचंही सगळं त्यात होतं. मला ते ऐकू आलं, तिलाही आलं. ती लिहू लागली.

आणि मी गप्प होते. पेन कागदावर चाललेलं दिसत होतं आणि मला दिसत होतात तुम्ही.

सिन्नरचा दवाखाना, मी दहा वर्षांची. खिडकीपाशी एक बाई उभी आहे. विड्या वळणारी, बोटांना तंबाखूचा वास, कडेवर मूल. मूल मलूल, मान टाकलेली. तिने रिकामी बाटली पुढे केली आहे. डॉक्टर आतून बाहेर येतात, मुलाच्या पापण्या उचलून बघतात आणि सगळ्या रांगेसमोर ओरडतात, "चार दिवसांची बाटली दोन दिवसांत संपवलीस? सरबत आहे का ते?" ती म्हणते, "पट्टीपरमानंच दिलं जी. खाचंला बोट लावून दिलं." रांगेतलं कुणीतरी हसतं. तुम्ही बाटली हातात घेता. आठ डोसांची बाटली आणि मी कापलेल्या पट्टीवर डोस चारच. तुम्ही ते बघता, मी तुम्हाला बघताना बघते. मग तुम्ही बाटली नळाखाली धरता, अंगठ्याच्या नखाने पट्टी खरवडता, ओला लगदा मोरीत जातो. आणि तिला म्हणता, "नीट घ्यायला हवं होतं, बाई."

मूल दोन दिवसांत हिंडू-फिरू लागलं. ती बाई मात्र त्या दवाखान्यात पुन्हा आली नाही.

घरी आई भाकऱ्या थापत होती. मला वाटलं, आता मार बसणार. तुम्ही स्वयंपाकघरातच जमिनीवर वर्तमानपत्र घेऊन बसलात आणि मला घड्या घालायला शिकवलंत. "एक. दोन. तीन. मोज, तायडे. मोजायला चुकलीस, एवढंच झालं." दहा वेळा घालून घेतल्यात. उठताना म्हणालात, "दवाखान्यातलं दवाखान्यात. बाहेर बोलायचं नाही." पुढे पट्ट्या तुम्हीच कापल्यात. मी बी.एस्सी. झाले त्या दिवशी ही कात्री माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आता तुला मोजता येतं." तुम्ही हसत होतात. मी हसले नाही. त्या नळाबद्दल मी तुम्हाला कधी माफ केलं नव्हतं. पुढे तीस वर्षं वर्गात चूक करणाऱ्या पोराला मी उभं करून कबूल करायला लावलं, ते त्या नळामुळे. मुलं मला घाबरायची. मला ते चालायचं.

आणि गुरुवारी मुख्याध्यापिकांच्या खोलीत एक चौदा वर्षांची मुलगी माझ्या चुकीचा माफीनामा लिहीत होती आणि मी बघत बसले होते. तीन ओळी झाल्या. चौथीला ती "माझ्या अज्ञानामुळे" असं लिहायला गेली आणि "अज्ञान" शब्दाशी अडखळली. 'ज्ञ' कसा काढायचा म्हणून सवयीने माझ्याकडे बघितलं.

"थांब," मी म्हटलं. "तो कागद दे इकडे."

कागद फाडला नाही. उलटा केला आणि पाठीमागे लिहिलं की ही पट्टीची पद्धत माझी आहे, खाच म्हणजे काय हे आजींना विचारायला मी मुलांना शिकवलं नाही आणि चूक माझी आहे. सही केली. रिक्षावाल्याने कागद वाचला, दोनदा वाचला. म्हणाला, "बाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या ना?" मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग त्याच्यासोबत जाऊन आजींची माफी मागितली. आजी म्हणाल्या, "तुम्ही कशाला आल्या? ती पोरगी का नाय आली? तिला रागावलं का कुणी?"

घरोघरी जाणं सध्या बंद आहे. पूर्ण बंद करायचं की काय, ते दिवाळीनंतर ठरेल. मुलीचे वडील त्या दिवशी तिला घेऊन तडक घरी गेले. पण काल शनिवारी ती वर्गात होती, पहिल्या बाकावर. हात वर केला. "मॅडम, आपण सगळ्यांना सांगतो. कुणाला करून दाखवायला लावतच नाही. आजींना मी म्हटलं असतं, उद्या सकाळी काय कराल ते दाखवा बरं, तर त्यांनी दोन गोळ्या काढल्या असत्या. मला तिथेच कळलं असतं." मागून एक जण म्हणाला, "आजी म्हणाल्या असत्या, माझी परीक्षा घेतेस का गं?" ही वळून म्हणाली, "मग म्हणायचं, नाही आजी, माझी घेते." फळ्यावर चार प्रश्नांखाली मी पाचवी ओळ लिहिली: करून दाखवायला सांगा. ती माझी नाही, तिची आहे. मुलांना तसं सांगितलं.

मग मी त्यांना पट्टीची गोष्ट सांगितली. विडीवाली बाई, बाटली, नळ, सगळं. पट्टीला आधी काय अर्थ होता, हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर त्या मुलीने दोन खाचा कापायच्या आधी विचार केला असता. पण ते सांगायचं तर नळही सांगावा लागला असता आणि मला तुमचं कौतुक हवं होतं. शेवटी तिने विचारलं, "मॅडम, तुमचे वडील असं का वागले?" मी म्हटलं, नोकरी जाईल म्हणून असेल. डॉक्टरांची अब्रू म्हणून असेल. मला वाचवायला असेल. मला माहीत नाही. आणि घंटा झाली.

हे पत्र कुठे जाणार नाही, कात्रीसोबत कपाटात राहील. पण मुलांना गोष्ट सांगताना मी एक जागा गाळली. ती तुम्हालाही कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी मैत्रिणी खिडकीबाहेर हाका मारत होत्या आणि मला खेळायला जायचं होतं. पट्टी उघडली तेव्हाच मी बघितलं, चारच डोस होते. दुसरा कागद घ्यावा लागला असता. मी तीच चिकटवली आणि पळाले.

तुम्ही वर्तमानपत्र घेऊन बसलात, दहा वेळा घड्या घालून घेतल्यात. मला मोजता येत होतं, अण्णा.