एकशे वीस चौकटी

ती. ताईस,

शिडीवरून उतरून, हाताचा रंग रॉकेलने पुसून, मग नमस्कार करतो आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक (मी सोडून).

तुझ्या त्या आवर्तसारणीने मला अखेर गाठलंच. दहावीत तू पाठ करायला बसवायचीस आणि मी गच्चीवरून पसार व्हायचो. आता शाळेच्या मोठ्या बाईंनी बोलावून प्रयोगशाळेबाहेरची भिंत दाखवली, तर तिच्यावर हीच बया काढायची! पण फ्लेक्सच्या जमान्यात ब्रशवाल्याला विचारतो कोण? तीन वर्षांत मिळालेली ही पहिली भिंत. मी लगेच हो म्हणालो.

बाईंनी छापील तक्ता दिला. तो पाहून मला लिहिणाऱ्याची कीवच आली. पहिल्या ओळीत दोघंच, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला, मध्ये सगळं रान मोकळं. खाली दोन ओळी तुटून पडलेल्या (त्यांना वर जागा असताना!). चाळीस वर्षं पाट्या रंगवतोय, असं काम मी गिऱ्हाइकाला दाखवलं असतं तर त्याने शिडी ओढली असती. मी सगळ्यांना नीट सरकवून घेतलं. एका ओळीत बारा, अशा दहा ओळी. भिंत कशी भरगच्च दिसू लागली! मूलद्रव्यं एकशे अठरा, म्हणून दोन चौकटी उरल्या. मोकळी चौकट डोळ्यांना खुपते, तेव्हा एकीत माझं नाव घातलं आणि दुसरीत फोन नंबर.

विज्ञानाच्या बाई पाय मोडून दीड महिना रजेवर होत्या, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. उलट सगळ्यांनी कौतुक केलं. त्या परवा आल्या, भिंत पाहिली आणि कुबडीसकट पायरीवर बसल्या. एका स्वभावाची मूलद्रव्यं एकाखाली एक यावीत, म्हणून ती मधली जागा मुद्दाम मोकळी सोडतात म्हणे. हे मला कोण सांगणार? (तू सांगितलं असशील. मी गच्चीवर होतो.) त्यातच चाचणीत एकवीस मुलांनी शेवटचं मूलद्रव्य म्हणून माझा फोन नंबर लिहिला. एकानेही त्यात चूक केली नाही, हे मात्र मला बरं वाटलं.

सर्वांना नमस्कार सांग.

तुझा धाकटा भाऊ
(क्रमांक एकशे एकोणीस)

ता. क. मोठ्या बाई म्हणतात, जाणकार माणूस शिडीखाली उभा असेल तरच पुन्हा ब्रश लावायचा, नाहीतर त्या फ्लेक्स मागवणार. फ्लेक्स आला की माझं इथलं काम कायमचं संपलं. शुक्रवारपर्यंत ये ना. चार वर्षं झाली तुला येऊन, आठवणही फार येते. खुर्ची देईन, तू फक्त ओरडायचं.

पुन्हा ता. क. भिंतीच्या तळाशी 'मार्गदर्शन' असं लिहून पुढे तुझं पूर्ण नाव, पदवीसकट, मी पहिल्याच दिवशी लाल रंगात काढलं होतं. हौसेने गं. ते अजून तसंच आहे. शनिवारी पालकसभा आहे.