पाचव्या वळणापर्यंत

३ ऑक्टोबर, मंगळवार

मागचा बंपर गेला. म्हणजे गेला नाही, लोंबतोय. तारेने बांधून टाकला.

दगड दिसला होता. उतरून बघायला हवं होतं. चाक कुठे ठेवायचं ते आधी पायी चालून ठरवायचं, हा डोंगरातल्या कच्च्या वाटेचा पहिला धडा. कंटाळा केला. खाड्! मागचं कपाट उघडलं, ताटं-वाट्या सगळ्या खाली. आई म्हणाली असती, संसार रस्त्यावर आला. आधीपासून रस्त्यावरच आहे, आणखी कुठे येणार?

डाव्या हाताला सरळ कडा होता. घाबरायला हवं होतं. मी टाकीत पाणी किती उरलंय ते बघितलं. निम्मं.

४ ऑक्टोबर

काही नाही. भांडी लावली.

५ ऑक्टोबर, गुरुवार

दादाचा फोन. "गोगलगाय झालीस तू. पाठीवर घर घेऊन फिरतेस." मागून वहिनी — "गोगलगाय निदान पाला तरी खाते! ही जेवते का विचारा." मी हसले. म्हणजे हसल्याचा आवाज काढला.

चांगला फ्लॅट विकून डबा घेतला, असं तो सगळ्यांना सांगतो. डबा, म्हणजे ही राहायची गाडी, तसा वाईट नाही. निवृत्त जोडप्याकडून घेतला. एक पलंग, गॅसची शेगडी, हात धुण्याएवढं बेसिन, टपावर सोलर. खिडकीला त्या बाईंनी शिवलेले पिवळ्या फुलांचे पडदे. मला पिवळा रंग आवडत नाही. बदलले नाहीत. चारही चाकांना जोर आहे, त्यामुळे कुठेही चढतो.

पाच महिन्यांत तेवीस वाटा झाल्या. प्रत्येकीची लांबी, चढ, ओढे किती, सगळं वहीत आहे. वरून काय दिसलं ते एकदाही लिहिलेलं नाही.

७ ऑक्टोबर, शनिवार

पायथ्याच्या गॅरेजात बंपर बसवून घेतला. मिस्त्री बोलका. गाडीखाली झोपूनही बोलतो, नुसते पाय दिसतात. "बाई, उत्तरेची वाट उघडली बरं का. अकरा महिने बंद होती. भिंत बांधली, जाळी लावली. दरड आली होती ना, माणूस गेला त्यात."

"हो का," म्हटलं.

मला माहीत आहे. मी त्यासाठीच इकडे येतेय. पाच महिने गोल गोल फिरून, मांजरासारखी.

८ ऑक्टोबर, रविवार

लिहून टाकते. एकदाच.

सतरा वर्षं आपत्कालीन मदतीच्या कंट्रोल रूममध्ये होते. कानाला हेडफोन, समोर तीन स्क्रीन, खुर्चीचं एक चाक अडकायचं. लोक फोन करतात, आपण सांगायचं काय करायचं ते. गेल्या नोव्हेंबरात दुपारी दोन चाळीसला फोन आला. अवकाळी पाऊस चालू. माणूस उत्तरेच्या वाटेवर, पाचव्या वळणाला. पुढे दरड, मागे दरड, गाडी मध्ये. आवाज अगदी शांत. म्हणाला, "उतरून चालत खाली येऊ का?"

मी म्हटलं, "उतरू नका. गाडीतच थांबा. पथक निघालंय."

नियमाच्या पुस्तकात तसंच आहे. सहा मिनिटं बोलत होतो. मग मोठा आवाज झाला. मग काही नाही. लाईन चालूच होती. मी अकरा मिनिटं "हॅलो, हॅलो" करत होते. नंतर कुणीतरी माझ्या डोक्यावरून हेडफोन काढला.

चौकशी झाली. नियमाप्रमाणेच वागल्या, असा निकाल. साहेबांनी पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी कामावर गेले, दोन फोन घेतले, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि घरी आले ती आलेच.

रडू आलं नाही. दात काढताना इंजेक्शन देतात, मग गाल आपलाच असतो पण आपला नसतो — तसं झालंय. फक्त गालापुरतं नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

उत्तरेच्या वाटेच्या तोंडाशी फाटक आहे, शेजारी पत्र्याची चौकी. चौकीत एक बाई. चाळिशीची, खाकी जॅकेट, पायात पुरुषी बूट. वहीत नोंद करावी लागते — नाव, गाडी नंबर, माणसं किती, परत कधी येणार.

"एकट्याच?"

"हो."

बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, वरून माती सुटायला लागली तर गाडीत बसून राहायचं नाही. गाडी गेली खड्ड्यात! दार उघडायचं आणि पळायचं. कळलं?"

कळलं म्हटलं. टायरमधली थोडी हवा सोडली, लो गिअर टाकला, पहिल्या वळणापर्यंत गेले आणि परत आले.

१० ऑक्टोबर

तिसऱ्या वळणापर्यंत. वाट चांगली आहे. सुटी खडी, एक ओढा, पाणी अर्ध्या चाकापर्यंत. मग पाय ब्रेकवरून उठेना. उलटी फिरले.

"आज पण अर्ध्यातून?" चौकीवालीने विचारलं.

"इंजिन तापलं."

तिने बॉनेटला हात लावून बघितला. मग वहीत परतीची वेळ लिहिली.

११ ऑक्टोबर

फाटकापर्यंतच.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

तिनेच हाक मारली, चहा घ्या म्हणून. चौकीत एकच खुर्ची. ती मला दिली, स्वतः पाण्याच्या पिंपावर बसली. भिंतीवर मुलीचा शाळेचा फोटो. मुलगी आजीकडे असते, शनिवारी येते, गणितात हुशार, बाकी आनंद!

मग सहज, कप विसळता विसळता — "आधी इथे माझा नवरा होता नोकरीला. चौदा वर्षं. पाचव्या वळणावर गेला. मग खात्याने त्याची जागा मला दिली. बूट पण त्याचेच आहेत. दोन मोजे घालते, मग बसतात."

चहा माझ्या हातात होता. प्यायले. चांगला झालाय म्हटलं. गाडीत आले, दार लावलं, आणि धुतलेले सगळे कप पुन्हा धुतले.

बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा होतं.

१३ ऑक्टोबर

आईचा फोन.

"जेवलीस?"

"हो."

"काय?"

आठवेना.

"बोलत का नाहीस गं?"

"बोलतेय की."

"हे बोलणं नाही," आई म्हणाली. "हे उत्तरं देणं झालं."

१४ ऑक्टोबर, शनिवार

पाचव्या वळणाला गेले.

तिथे काही नाही. नवी भिंत, सिमेंट अजून पांढरं. वर डोंगराला लोखंडी जाळी. एक जागा दुसऱ्या जागेसारखीच असते. गाडी बंद करून उभी राहिले. वाटलं होतं काहीतरी होईल. आत काहीतरी फुटेल, निदान हलेल. वारा होता. एक बिस्किट खाल्लं. मग दुसरं.

वळवताना चूक केली. मागे बघितलं नाही. कडेची माती बसली आणि मागचं डावं चाक बाहेर गेलं. गाडी तिरकी होऊन थांबली. आरशात नुसती दरी. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. सगळं बरोबर केलं.

मग बसून राहिले.

उजवीकडचं दार मोकळं होतं. एक पाऊल टाकलं की वाट. मधूनमधून खालची खडी निसटायची, गाडी बोटभर कलायची. पिवळे पडदे एका बाजूला लोंबत होते. मरायचं आहे असंही वाटत नव्हतं. काही वाटतच नव्हतं. घड्याळात तीन वाजले, मग पावणेचार.

सव्वातीनला परत येणार, असं वहीत लिहिलं होतं. आले नाही म्हणून ती चौकीवरून चालत वर आली. चालत कसली, धावत! आधी बुटांचा आवाज आला, मग ती दिसली. जॅकेट उघडं, चेहरा राखेसारखा.

"ताई! उतरा! दार उघडा आधी!"

मी काच खाली केली आणि म्हटलं, "गाडीतच थांबायचं असतं." असं खरंच म्हटलं मी. अगदी कामावरच्या आवाजात.

ती एक क्षण जागच्या जागी उभी राहिली. मग तिनेच दार उघडलं. आत वाकून पट्टा सोडवला, माझी कॉलर धरली आणि पोतं ओढावं तसं बाहेर ओढलं. दोघी खडीत पडलो. माझी कोपरं सोलली.

"अक्कल गहाण टाकलीय का?" ती ओरडत होती. "कुणी आहे का नाही तुमचं? आई आहे? मग!" ओरडता ओरडता रडायला लागली. मी तिच्या बुटांकडे बघत होते.

गाडी पडली नाही. मिस्त्री जीप घेऊन आला, तारेचा दोर लावून त्याने ती आत ओढून घेतली.

१५ ऑक्टोबर, रविवार

चौकीमागे गाडी लावलीय. सकाळी चहा ओतताना हात थरथरला. अर्धा कप बाहेर. हाताकडे बघत राहिले, कुणाचा आहे म्हणून. मग दात एकमेकांवर आपटायला लागले, ऊन पडलेलं असताना! पलंगावर दोन पांघरुणं घेऊन बसले. कोपरं आग आग होताहेत. कालपासून सोललेली आहेत, दुखतात ती आजपासून.

आईला मीच फोन केला. वरण-भात खाल्ला म्हणून सांगितलं. खरंच खाल्ला होता. आई म्हणाली, "आवाज वेगळा येतोय." फोन ठेवताना दोनदा विचारलं तिने, बरी आहेस ना.

मिस्त्री म्हणतो गाडी ठीक आहे, निघालात तरी चालेल. निघता येईल. चौकीवालीला काही कळणार नाही. ती समजेल, एक वेडी बाई आली होती, जीव वाचवला, गेली.

नाही. सांगायला हवं. नुसत्या विचाराने भीती वाटली. वाटली!

१६ ऑक्टोबर, सोमवार

सांगितलं. पिंपावर ती, खुर्चीत मी. म्हटलं, त्या दिवशी फोनवर मी होते. गाडीतच थांबा असं मीच सांगितलं त्यांना.

"माहीत आहे," ती म्हणाली. "चौकशीत फोनचं रेकॉर्डिंग ऐकवलं होतं आम्हाला. पहिल्या दिवशीच ओळखला आवाज."

बराच वेळ ती बुटाची नाडी सोडत आणि बांधत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "तुमच्याआधी त्याने मला फोन केला होता. उतरू का म्हणून. मी म्हटलं, पाऊस केवढा आहे, भिजशील. गाडीतच बस."

मी उठून तिच्याजवळ गेले.

"हे अजून कुणाला सांगितलं नाही," म्हणाली. "मुलीलासुद्धा."